बरोबरीचा हक्क



तुमच्यापैकी पुष्कळ जण संध्याकाळी मैदानावर फुटबॉल खेळतात. खेळ संपल्यावर तुमचे जे वाद होतात, तेही मी ऐकतो. गोल झाला की नाही, चेंडू रेषेबाहेर गेला होता की नाही, हे वाद तर रोजचेच. पण एक वाद मला इतरांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. सामना बरोबरीत सुटला, तर पुढे काय करायचे?

साखळी पद्धतीची स्पर्धा असेल, तर या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दोन्ही संघांना एक-एक गुण द्यावा आणि घरी पाठवावे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत तसे करता येत नाही. तिथे एका संघाला पुढच्या फेरीत जायचे असते आणि दुसऱ्याची स्पर्धा तिथेच संपते. मग दोन संघ सारखेच चांगले खेळले असतील, तर कोणाला घरी पाठवायचे?

बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धांत सर्वांत जुनी स्पर्धा म्हणजे इंग्लंडचा एफ. ए. कप. या स्पर्धेने शंभराहून अधिक वर्षे या प्रश्नाचे एकच उत्तर दिले. ते उत्तर असे : पुन्हा खेळा. पहिला सामना ज्याच्या मैदानावर झाला, त्याने आता दुसऱ्याच्या मैदानावर जावे आणि पुन्हा खेळावे. याला आपण फेरसामना म्हणू. २०२४-२५ च्या हंगामापासून मात्र मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासून पुढचे सगळे फेरसामने बंद झाले. आता सामना बरोबरीत राहिला, तर त्याच दिवशी अर्धा तास जादा खेळ होतो. तरीही निकाल लागला नाही, तर पेनल्टी किक मारून निकाल लावतात.

हा बदल मला चुकीचा वाटतो. का वाटतो, ते या पाठात सांगणार आहे. पण त्याआधी ही स्पर्धा नीट समजून घेऊ.

इंग्लंडमध्ये १८६३ साली फुटबॉल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. एफ. ए. ही तिच्या नावाची आद्याक्षरे. १८७१ साली या संस्थेचे चिटणीस चार्ल्स अल्कॉक यांनी एक ठराव मांडला. संस्थेच्या सर्व सभासद क्लबांसाठी एक चषक ठेवावा आणि त्यासाठी सर्वांनी खेळावे, असा तो ठराव होता. पहिल्या वर्षी फक्त १५ क्लबांनी नावे दिली. १६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर पहिला अंतिम सामना झाला. वाँडरर्स या संघाने रॉयल इंजिनिअर्स या लष्करी संघाला १-० असे हरवले. आज या स्पर्धेत सातशेहून अधिक क्लब भाग घेतात. त्यांत जगप्रसिद्ध क्लब आहेत, तसे लहान गावांचे क्लबही आहेत. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सराव करणारे खेळाडू त्या लहान क्लबांतून खेळतात.

इंग्लंडमध्ये क्लबांच्या अनेक श्रेणी आहेत. जिन्याला पायऱ्या असाव्यात, तशा त्या एकाखाली एक आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर प्रीमिअर लीगचे २० क्लब असतात. लीगच्या सामन्यांत वरच्या पायरीचा क्लब खालच्या पायरीच्या क्लबाशी खेळतच नाही. एफ. ए. कपात मात्र ही भिंत नसते. लहान क्लब ऑगस्टपासून प्राथमिक फेऱ्या खेळू लागतात. जिंकत जिंकत जे टिकतात, ते जानेवारीत तिसऱ्या फेरीत पोहोचतात. त्याच फेरीत पहिल्या दोन श्रेणींचे ४४ क्लब स्पर्धेत उतरतात. एकूण ६४ क्लब होतात. प्रत्येक क्लबाचा एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाचे गोळे एका भांड्यात टाकतात आणि एकेक गोळा बाहेर काढतात. कोणाची गाठ कोणाशी पडेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. मोठ्या क्लबासाठी वेगळी चिठ्ठी नाही आणि वेगळे भांडेही नाही.

या स्पर्धेचे मोल इथेच आहे, असे मला वाटते. मैदानावर उतरताना दोन्ही संघांना सारखा मान मिळतो. इतिहासात याची चांगली उदाहरणे आहेत. सुरुवातीची दहा-अकरा वर्षे हा चषक श्रीमंत घरांतल्या, मोठ्या शाळा-महाविद्यालयांत शिकलेल्या खेळाडूंच्या संघांकडे किंवा लष्करी अधिकाऱ्यांच्या संघाकडे जात असे. १८८३ साली अंतिम सामन्यात एका बाजूला ओल्ड इटोनियन्स हा संघ होता. ईटन या नामांकित शाळेचे माजी विद्यार्थी त्यात होते आणि आदल्या वर्षीचा चषकही त्यांच्याकडेच होता. दुसऱ्या बाजूला ब्लॅकबर्न ऑलिंपिक हा संघ होता. ब्लॅकबर्न हे सुती कापडाच्या गिरण्यांचे गाव. भिवंडी आणि मालेगावच्या मुलांना असे गाव कसे असते, हे वेगळे सांगायला नको. या संघात विणकर होते, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यातले कामगार होते, नळाची कामे करणारा कारागीर होता. नव्वद मिनिटांनंतर सामना १-१ असा बरोबरीत होता. जादा वेळात ब्लॅकबर्नने गोल केला आणि चषक जिंकला. त्या दिवसापासून फुटबॉल हा केवळ साहेबलोकांचा खेळ राहिला नाही.

आता फेरसामन्याकडे वळू. लहान संघासाठी फेरसामन्याचे महत्त्व किती, हे तीन उदाहरणांवरून दिसेल.

पहिले उदाहरण १९७२ सालचे. हेरफर्ड युनायटेड हा एका लहान शहराचा क्लब. तो तेव्हा मुख्य लीगच्या बाहेर, सदर्न लीगमध्ये खेळत असे. तिसऱ्या फेरीत त्याची गाठ वरच्या श्रेणीतल्या न्यूकॅसल युनायटेडशी पडली, तीही न्यूकॅसलच्या मैदानावर. सर्वांना वाटले, हेरफर्डचा धुव्वा उडणार. पण सामना २-२ असा सुटला. नियमाप्रमाणे न्यूकॅसलला हेरफर्डला जावे लागले. पावसामुळे फेरसामना पुढे पुढे ढकलावा लागला. अखेर ५ फेब्रुवारी १९७२ रोजी चिखलाने भरलेल्या मैदानावर तो झाला. शेवटची काही मिनिटे उरली असताना न्यूकॅसलने गोल केला. हेरफर्ड हरणार असे दिसू लागले. तेवढ्यात रॉनी रॅडफर्ड या खेळाडूने खूप लांबून असा जोरदार फटका मारला, की चेंडू थेट जाळ्यात गेला. हा रॅडफर्ड व्यवसायाने सुतार होता. पुढे जादा वेळात रिकी जॉर्जने दुसरा गोल केला आणि हेरफर्ड २-१ असे जिंकले. त्याच वर्षी हेरफर्डला मुख्य लीगमध्ये प्रवेश मिळाला. रॅडफर्डचा तो गोल इंग्लंडमध्ये आजही दाखवला जातो. फेरसामना नसता, तर तो गोल झालाच नसता.

दुसरे उदाहरण २००५ सालचे. या उदाहरणात लहान संघ जिंकला नाही, म्हणूनच ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. एक्झिटर सिटी हा क्लब २००३ साली मुख्य लीगमधून खाली गेला होता. क्लबावर कर्ज होते. क्लब बंद पडू नये म्हणून त्याच्या चाहत्यांनीच एक संस्था काढून तो चालवायला घेतला होता. जानेवारी २००५ मध्ये तिसऱ्या फेरीत या क्लबाला मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर खेळावे लागले. मँचेस्टर युनायटेड हा आदल्या वर्षीचा विजेता होता. सामना पाहायला सदुसष्ट हजारांहून अधिक लोक आले होते. एक्झिटरच्या खेळाडूंनी नव्वद मिनिटे एकही गोल होऊ दिला नाही. सामना ०-० असा सुटला. अकरा दिवसांनी मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू एक्झिटरच्या छोट्या मैदानावर आले. रोनाल्डो आणि रूनी यांनी एकेक गोल केला आणि एक्झिटर ०-२ असे हरले.

तुम्ही म्हणाल, मग फेरसामन्याचा काय फायदा झाला? फायदा दोन प्रकारचा झाला. या स्पर्धेत तिकिटांच्या उत्पन्नाचा दोन्ही संघांना सारखा वाटा मिळतो. शिवाय दूरदर्शनवर सामना दाखवल्याचे पैसे मिळतात. या दोन सामन्यांच्या उत्पन्नातून एक्झिटरला कर्ज फेडायला मोठी मदत झाली. क्लब वाचला. दुसरा फायदा पैशांत मोजता येणार नाही. ज्या मुलांनी मोठे खेळाडू फक्त पडद्यावर पाहिले होते, त्यांना ते आपल्या गावात, आपल्या मैदानावर खेळताना दिसले. तेही कोणी दया दाखवून आणलेले नव्हते. आपल्या संघाने दिलेल्या झुंजीमुळे त्यांना यावे लागले होते.

तिसरे उदाहरण अलीकडचे, २०१७ सालचे. लिंकन सिटी हा पाचव्या श्रेणीतला क्लब. त्याचे प्रशिक्षक डॅनी काउली आणि त्यांचे भाऊ निकी हे दोघे आधी शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. तिसऱ्या फेरीत लिंकनने दुसऱ्या श्रेणीतल्या इप्सविच टाउनशी त्यांच्या मैदानावर २-२ अशी बरोबरी केली. फेरसामना लिंकनला झाला. अगदी शेवटी नेथन अर्नल्डने गोल केला आणि लिंकन १-० असे जिंकले. मग त्यांनी ब्रायटनला हरवले. त्यानंतर प्रीमिअर लीगमधल्या बर्नलीला त्यांच्याच मैदानावर १-० असे हरवले. शेवटच्या आठ संघांत लिंकन पोहोचले. मुख्य लीगबाहेरच्या क्लबाने इतकी मजल मारल्याचे १९१४ नंतर प्रथमच घडले होते.

आपल्या देशातही याचे एक उदाहरण आहे. इंग्रज भारतात आले, तेव्हा त्यांनी चषकाच्या स्पर्धाही आणल्या. १८८८ साली ड्युरँड कप सुरू झाला. १८९१ साली मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. कोलकात्यात आय. एफ. ए. शील्ड ही स्पर्धा होत असे. १९११ साली मोहन बागान संघाने अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून ही शील्ड जिंकली, हे तुम्ही ऐकले असेल. मोहन बागानचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. पण त्याआधी काय झाले, ते फारसे सांगितले जात नाही. उपान्त्य फेरीत मिडलसेक्स रेजिमेंटशी झालेला त्यांचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला होता. फेरसामना झाला आणि तो मोहन बागानने ३-० असा जिंकला. म्हणजे आपल्या इतिहासातल्या त्या मोठ्या विजयाची वाटही एका फेरसामन्यातूनच गेली होती.

आता दुसरी बाजूही पाहू. कोणतेही मत मांडताना विरुद्ध बाजूचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे.

फेरसामने बंद करणाऱ्यांचे म्हणणे असे, की मोठ्या क्लबांचे वेळापत्रक फार भरलेले असते. लीगचे सामने असतात, देशासाठी खेळायचे असते, युरोपातल्या स्पर्धाही असतात. २०२४-२५ पासून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये पहिल्या टप्प्यातले सामने सहावरून आठ झाले. खेळाडू थकतात, त्यांना दुखापती होतात. हे म्हणणे खोटे नाही. खेळाडूही माणसेच आहेत.

ते असेही म्हणतात, की फेरसामन्यांना कुठेतरी मर्यादा हवीच. हेही बरोबर आहे. पूर्वी निकाल लागेपर्यंत कितीही वेळा खेळावे लागे. १९७१ साली अल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी या दोन लहान क्लबांत प्राथमिक फेरीचा एकच निकाल लावण्यासाठी सहा सामने झाले. एकूण अकरा तास खेळ झाला, तेव्हा कुठे अल्व्हचर्च १-० असे जिंकले! म्हणून १९९१-९२ च्या हंगामापासून एकच फेरसामना आणि त्यातही बरोबरी झाली तर पेनल्टी किक, असा नियम झाला. तो नियम मला योग्य वाटतो. अंतिम सामन्याचा फेरसामनाही १९९३ नंतर झालेला नाही. त्याबद्दलही माझी तक्रार नाही. मर्यादा घालणे वेगळे आणि मुळावरच घाव घालणे वेगळे.

थकव्याच्या मुद्द्याला मात्र माझे एक उत्तर आहे. प्रीमिअर लीगचा हंगाम १९ मे २०२४ रोजी संपला. त्यानंतर तीनच दिवसांनी, म्हणजे २२ मे रोजी, टॉटनहॅम आणि न्यूकॅसल हे दोन क्लब ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे एकमेकांशी मैत्रीचा सामना खेळले. अर्धे जग ओलांडून प्रदर्शनाचा सामना खेळायला वेळ मिळतो; मग शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या लहान गावात जायलाच वेळ का मिळू नये? वेळ कमी असेल, तर तो कोणत्या कामातून वाचवायचा, हे माणूस स्वतः ठरवतो. इथे तो लहान क्लबांच्या वाट्यातून वाचवला गेला. शिवाय हा निर्णय एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाला, तेव्हा आम्हाला विचारले गेले नाही, अशी तक्रार खालच्या श्रेणीतल्या अनेक क्लबांनी केली.

आणखी एक मुद्दा असा मांडतात, की पेनल्टी किकमध्ये लहान संघाला जिंकण्याची संधी जास्त असते. काही वेळा तसे होईलही. पण विचार करा. दिवसभर नोकरी करणारा खेळाडू नव्वद मिनिटे आपल्याहून कितीतरी बलवान संघाशी झुंजतो. त्याचे पाय भरून येतात. मग त्याच मैदानावर, त्याच प्रेक्षकांसमोर त्याला आणखी अर्धा तास धावावे लागते. मोठ्या संघाकडे बाकावर ताज्या दमाचे कसलेले खेळाडू बसलेले असतात. लहान संघाकडे नसतात. आणि समजा, लहान संघ पेनल्टीवर जिंकलाही, तरी तो मोठा संघ त्याच्या गावात येत नाही तो नाहीच.

काही जण म्हणतील, लहान क्लबांना पैसे हवे असतील, तर वरच्या क्लबांनी ते थेट द्यावेत. त्यासाठी सामना कशाला? मित्रांनो, मदत आणि कमाई यांत फरक आहे. मदत देणारा उद्या ती थांबवू शकतो. कमाईवर आपला हक्क असतो. एक्झिटरच्या खेळाडूंनी सदुसष्ट हजार लोकांसमोर नव्वद मिनिटे घाम गाळून तो दुसरा सामना कमावला होता.

फेरसामन्याला दुसरी संधी म्हणतात, तेव्हा काहींना तो पुरवणी परीक्षेसारखा वाटतो. मला ही तुलना पटत नाही. पुरवणी परीक्षा नापास झालेल्यासाठी असते. बरोबरी करणारा संघ नापास झालेला नसतो. त्याला कोणीही हरवलेले नसते. उलट, मोठ्या संघाच्या मैदानावर जाऊन जो हरत नाही, त्याने अर्धी लढाई मारलेली असते. उरलेली अर्धी त्याच्या घरी व्हावी, एवढेच तो मागतो.

मग उपाय काय? मला एक मधला मार्ग सुचतो. दोन्ही संघ एकाच श्रेणीतले असतील, तर निकाल त्याच दिवशी लावावा. मोठा संघ लहान संघाच्या मैदानावर येऊन खेळला असेल, तरीही निकाल त्याच दिवशी लावावा. पण खालच्या श्रेणीतल्या संघाने वरच्या श्रेणीतल्या संघाच्या मैदानावर जाऊन बरोबरी केली असेल, तर एक फेरसामना लहान संघाच्या मैदानावर व्हावा. असे सामने वर्षाकाठी थोडेच होतील. मोठ्या क्लबांच्या वेळापत्रकावर फार भार पडणार नाही आणि लहान क्लबांचा हक्कही राहील.

हे सारे दूर इंग्लंडमधले आहे, मग आपण त्याची चिंता का करावी, असे तुम्हाला वाटेल. पण नियम कसे बदलतात, हे समजण्यासाठी हे उदाहरण फार उपयोगी आहे. नियम बदलताना कोणी असे म्हणत नाही, की आम्हाला लहानांचा वाटा काढून घ्यायचा आहे. वेळ नाही, सोय नाही, खर्च परवडत नाही, असेच सांगितले जाते. कारणे खरीही असतात. पण गैरसोय प्रत्येक वेळी त्याच दुबळ्या बाजूच्या वाट्याला येऊ लागली, की समजावे, कुठेतरी चुकते आहे.

तुम्हीही पुढे नियम करणारे व्हाल. कोणी शाळेच्या स्पर्धेचे नियम कराल, कोणी मोहल्ल्यातल्या क्लबाचे, कोणी कारखान्याचे किंवा कचेरीचे. त्या वेळी कागदावर सही करण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हा नियम कोणाच्या सोयीचा आहे? आणि त्याची झळ कोणाला बसणार आहे? ज्याला झळ बसणार आहे, त्याला बोलावून घ्या आणि त्याचे म्हणणे ऐका. मगच सही करा.